हार्ट फेल्युअरवरील नवे संशोधन कसे वाचावे

हार्ट फेल्युअरचा रुग्ण ज्या घरात आहे, त्या घरात दर काही महिन्यांनी एखादी बातमी येऊन थडकते. नव्या गोळीने हृदयविकाराच्या मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी घटला, मधुमेहाचे औषध हृदयालाही तारक ठरले, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनने दम लागणे कमी झाले, अशी ती बातमी असते. कोणी नातेवाईक ती मोबाइलवर पाठवतो आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांसमोर प्रश्न मांडला जातो, ‘मग हे आम्हाला का दिले नाही?’ प्रश्न रास्त असतो. फक्त त्याचे उत्तर बातमीत नसते. मूळ चाचणीत कोणते रुग्ण घेतले, नेमके काय मोजले आणि प्रत्यक्षात फरक किती पडला, यात ते असते, आणि तेवढे वाचण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. थोडा वेळ, एक पेन्सिल आणि वजाबाकी करण्याची तयारी मात्र लागते.

वाचायला बसण्यापूर्वी

रुग्णाचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत जुना असे दोन्ही टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवाल, चालू औषधांची मात्रेसह यादी, आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा) व पोटॅशियमचा शेवटचा रक्ततपासणी अहवाल समोर ठेवावा. मग बातमीत चाचणीचे नाव शोधावे. हृदयरोगाच्या मोठ्या चाचण्यांना बहुधा एखादे आटोपशीर नाव असते (पॅराडाइम-एचएफ, डापा-एचएफ, डिलिव्हर) आणि ते नाव पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर टाकले की शोधनिबंधाचा गोषवारा विनामूल्य वाचता येतो. ज्या बातमीत चाचणीचे नाव नाही, नियतकालिकाचा उल्लेख नाही आणि किती रुग्ण होते तेही सांगितलेले नाही, ती तिथेच सोडून दिलेली बरी. गोषवाऱ्यासोबत बहुतेक वेळा नोंदणी क्रमांक दिलेला असतो. त्यावरून चाचणीच्या सार्वजनिक नोंदवहीत जाऊन, रुग्णांची भरती होण्याआधी संशोधकांनी काय मोजायचे ठरवले होते, हे पाहता येते. निकाल हाती आल्यावर निकष बदलला असेल, तर तो तिथे उघडा पडतो.

आधी हृदय जुळवून पाहावे

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलते पण त्यासाठी आतला दाब वाढवून घेते, आणि मग फुप्फुसांत व पायांत पाणी साठू लागते, अशी ती अवस्था आहे. तिचे निदान झालेल्या सर्वांचे हृदय एकाच प्रकारे बिघडलेले नसते. म्हणून बातमी वाचताना पहिला शोध घ्यायचा तो इजेक्शन फ्रॅक्शनच्या आकड्याचा. इको अहवालात तो ‘एलव्हीईएफ’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयात तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो. आकडा ४० किंवा त्याहून कमी असेल तर आकुंचन क्षीण झालेला गट, ४१ ते ४९ असेल तर मधला गट, आणि ५० किंवा त्याहून अधिक असूनही हार्ट फेल्युअरची लक्षणे व पुरावे असतील तर तिसरा गट, ज्यात हृदय आकुंचन पावते पण ताठरल्यामुळे नीट भरत नाही.

ही विभागणी केवळ कागदोपत्री नाही. एनालाप्रिलसारखी औषधे, बीटा-ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी १९८७ ते २००१ या काळात ज्या मोठ्या चाचण्या जिंकल्या, त्या प्रामुख्याने पहिल्या गटातल्या रुग्णांवरच्या होत्या. तिसऱ्या गटात मात्र वर्षानुवर्षे एकामागून एक चाचण्या मुख्य निकषावर अपयशी ठरत गेल्या. ही कोंडी फुटली २०२१ साली. एम्परर-प्रिझर्व्हड या चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्क्यांहून अधिक असलेले ५,९८८ रुग्ण होते आणि त्यांत मूळच्या मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचा फायदा दिसला. २०२२ मध्ये डिलिव्हरने त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनबाबत तेच दाखवले, आणि २०२४ मध्ये फाइनआर्ट्स-एचएफने स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीच्या फिनेरेनोनची भर घातली. त्यामुळे ‘हार्ट फेल्युअरवर गुणकारी’ एवढेच शब्द बातमीत असतील, तर कोणत्या गटात, हे गोषवाऱ्यातून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इकोवरचा आकडा हा अंदाज असतो. यंत्र बदलले किंवा पाहणारा बदलला तरी त्यात थोडा फरक पडतो, म्हणून ३८ आणि ४२ यांच्यात आकाशपाताळाचे अंतर आहे असे समजू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि जुना अहवाल जपून ठेवायचा तो तिच्यासाठीच. पूर्वी ३० टक्के असलेला आकडा औषधांनी ५५ वर आला, म्हणून रुग्ण तिसऱ्या गटात गेला असे होत नाही. ट्रेड-एचएफ या छोट्या पण बोलक्या चाचणीत असे ‘बरे झालेले’ ५१ रुग्ण घेऊन त्यांतल्या निम्म्या जणांची औषधे देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत त्यांपैकी ४४ टक्के जणांचा आजार उलटला, तर औषधे चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही उलटला नाही. चांगला इको अहवाल हातात पडला की गोळ्या सोडण्याचा मोह होतो, त्याला याहून स्पष्ट उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

कारणही पाहावे लागते. ट्रान्सथायरेटिन अ‍ॅमिलॉइडोसिस या आजारात एक चुकीच्या घडीचे प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचते आणि भिंती जाड होतात. त्यावरच्या टाफामिडिसची २०१८ मधली चाचणी ४४१ रुग्णांची होती आणि तिचा निकाल फक्त त्या आजाराच्या रुग्णांना लागू होतो, कितीही आशादायक वाटला तरी.

कशाशी तुलना केली

चाचणीत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्याही पसंतीविना होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्या गटाला काय दिले, याकडे मात्र लक्ष जात नाही. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफमध्ये सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनची तुलना प्लासिबोशी (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी) नव्हे, तर एनालाप्रिलशी केली होती. म्हणजे आधीच उपयुक्त ठरलेल्या औषधावर मात करून दाखवायची होती. डापा-एचएफमध्ये प्लासिबो होता, पण दोन्ही गटांतले बहुतेक रुग्ण बाकीची नेहमीची औषधे घेतच होते, आणि म्हणून तिथे दिसलेला फायदा हा त्या औषधांच्या जोडीने मिळालेला आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

पॅराडाइम-एचएफच्या गोषवाऱ्यापलीकडे जाऊन पद्धतीचा भाग वाचला तर आणखी एक बाब हाती लागते. विभागणीपूर्वी सुमारे साडेदहा हजार रुग्णांना आधी एनालाप्रिल आणि नंतर नवे औषध देऊन पाहिले होते. ज्यांना ते सोसले नाही ते वगळले गेले, आणि साडेआठ हजारांच्या आत-बाहेर रुग्ण प्रत्यक्ष चाचणीत उतरले. अशी पूर्वपरीक्षा घेणे गैर नाही. पण त्या चाचणीत रक्तदाब उतरणे, किडनीवर ताण येणे असे त्रास जेवढे दिसले, त्यापेक्षा रोजच्या दवाखान्यात ते अधिक दिसणार, हे त्यातून आपसूक समजते.

काय मोजले

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. हार्ट फेल्युअरच्या बहुतेक चाचण्यांत मुख्य निकष संयुक्त असतो: हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात भरती होणे, यांपैकी जे आधी घडेल ते. या जोडीतला कोणता भाग कमी झाला, ते वेगळे पाहावे. एम्परर-प्रिझर्व्हडमध्ये संयुक्त निकष १७.१ वरून १३.८ टक्क्यांवर आला, परंतु ती घट मुख्यतः भरती होण्यातली होती. मृत्यूंमध्ये निर्णायक फरक दिसला नाही. २०२४ च्या समिट चाचणीत टिरझेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनमुळे स्थूल रुग्णांमध्ये हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणे हा संयुक्त निकष १५.३ वरून ९.९ टक्क्यांवर आला, पण ७३१ रुग्णांत हृदयविकाराने झालेले मृत्यू औषधाच्या गटात ८ आणि प्लासिबोच्या गटात ५ होते. इतक्या थोड्या संख्येवरून औषध मृत्यू वाढवते असेही म्हणता येत नाही आणि कमी करते असेही नाही. रुग्णालयाची खेप टळणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्याने तिथे ऑक्सिजन लावून रात्र काढली आहे, त्याला ते सांगावे लागत नाही. तरीही ‘जीव वाचवणारे औषध’ हे शब्द त्या निकालावर चिकटवू नयेत.

काही चाचण्या रुग्णाला कसे वाटते ते मोजतात. त्यासाठी कॅन्सस सिटी प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते १०० आणि जितके अधिक तितके बरे. २०२३ च्या स्टेप-एचएफपीईएफमध्ये ५२९ स्थूल रुग्णांना वजन उतरवणारे सेमाग्लुटाइड किंवा प्लासिबो दिले गेले. वर्षभरात औषधाच्या गटाचे गुण १६.६ ने वाढले, ही बातमी झाली. प्लासिबोच्या गटाचेही ८.७ ने वाढले, हे बातमीत सहसा नसते. औषधाच्या पदरी टाकायचा आकडा या दोहोंतला फरक, म्हणजे सुमारे ८. आणि या प्रश्नावलीत ५ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात, त्यामुळे तो फायदा खराच आहे. फक्त तो १६.६ नव्हे.

मग येतात ते अप्रत्यक्ष निकष: इको सुधारला, रक्तातला एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) उतरला, हृदय जोराने आकुंचन पावू लागले. या निकषांनी वैद्यकशास्त्राला दोन्ही बाजूंनी चकवले आहे. मिलरिनोन हे औषध हृदयाच्या आकुंचनाला जोर देते, म्हणून क्षीण हृदयासाठी तेच योग्य असे तर्काने वाटत होते. १९९१ साली प्रॉमिस चाचणीत ते तोंडावाटे १,०८८ रुग्णांवर प्लासिबोच्या तुलनेत तपासले, तेव्हा औषधाच्या गटात मृत्यू २८ टक्क्यांनी अधिक झाले. बीटा-ब्लॉकरची कथा नेमकी उलट आहे. ही औषधे हृदयाचा जोर आणि गती कमी करतात, त्यामुळे हार्ट फेल्युअरमध्ये ती देऊच नयेत असे कित्येक वर्षे शिकवले जात होते. स्वीडनमधल्या गॉटेनबर्ग येथील वैद्यांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांवर ती वापरून सुधारणा झाल्याचे नोंदवले, त्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९९९ साली सिबिस-२ या २,६४७ रुग्णांच्या चाचणीत बिसोप्रोलोलने मृत्यूचे प्रमाण १७.३ वरून ११.८ टक्क्यांवर आणले आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. थकलेल्या हृदयाला सतत चाबूक मारणारी अ‍ॅड्रिनलिनसदृश रसायने बीटा-ब्लॉकर अडवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णाला अधिक थकल्यासारखे वाटते आणि फायदा त्यानंतर महिन्यांच्या हिशेबाने दिसतो. तेव्हा औषधाची क्रिया वाचून ‘हे तर चालणारच’ किंवा ‘हे तर घातक’ असा निष्कर्ष घरबसल्या काढू नये.

वजाबाकी

बातमीतले ‘२० टक्के’ कुठून येतात, ते पॅराडाइम-एचएफमध्येच पाहू. सुमारे सव्वादोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू एनालाप्रिलच्या गटात १६.५ टक्के आणि नव्या औषधाच्या गटात १३.३ टक्के झाले. सापेक्ष घट २० टक्के. प्रत्यक्ष फरक ३.२. शंभराला ३.२ ने भागले की साधारण ३२ येतात: म्हणजे तेवढ्या काळात असा एक मृत्यू टळण्यासाठी ३२ जणांनी एनालाप्रिलऐवजी नवे औषध घ्यावे लागते. डापा-एचएफमध्ये संयुक्त निकष दीड वर्षात २१.२ वरून १६.३ टक्क्यांवर आला, फरक ४.९, म्हणून सुमारे २१ जण. हा हिशेब कोणत्याही गोषवाऱ्यावर करता येतो, फक्त भागाकारासोबत काळ लिहायला विसरू नये, कारण दीड वर्षातले २१ आणि पाच वर्षांतले २१ यांची बरोबरी होत नाही.

हीच सापेक्ष घट कोणाच्या वाट्याला किती येईल, हे मुळातल्या जोखमीवर ठरते. १९८७ च्या कन्सेन्सस चाचणीतले २५३ रुग्ण इतके खंगलेले होते की, प्लासिबोच्या गटातले ४४ टक्के जण सहा महिन्यांत दगावले. एनालाप्रिलच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. १८ चा फरक आजच्या चाचण्यांत दिसत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे आजचे रुग्ण आधीच तीन-चार उपयुक्त औषधे घेत असतात.

गोषवाऱ्यात हॅझर्ड रेशो (दोन गटांत घटना घडण्याच्या वेगाचे गुणोत्तर) आणि त्यापुढे कंसात दोन आकडे असतात. रेशो १ असेल तर फरक नाही, १ पेक्षा कमी असेल तर औषधाच्या बाजूने. कंसातले दोन आकडे ही खऱ्या परिणामाची संभाव्य मर्यादा असते, आणि त्यांच्या मध्ये १ येत असेल तर फायदा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पहिल्या गटातल्या रुग्णांवर एम्पाग्लिफ्लोझिन तपासणाऱ्या एम्परर-रिड्यूस्डमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंसाठी ०.९२ हा रेशो आणि ०.७५ ते १.१२ ही मर्यादा होती. उलट गॅलॅक्टिक-एचएफमध्ये ओमेकॅम्टिव्ह मेकार्बिल या हृदयाच्या आकुंचनाला जोर देणाऱ्या औषधासाठी संयुक्त निकषाचा रेशो तोच, ०.९२, निघाला, पण ८,२५६ रुग्णांमुळे मर्यादा १ च्या खालीच राहिली. म्हणून ते ‘यशस्वी’ ठरले; प्रत्यक्ष फरक मात्र ३९.१ आणि ३७.० एवढाच, मृत्यूंत जवळपास काही नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली. संख्याशास्त्रात उत्तीर्ण होणे आणि औषध म्हणून पुरेसे ठरणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

दोन चाचण्या भांडू लागल्या तर

एकाच वर्षी, २०१८ मध्ये, हृदयाच्या डाव्या बाजूच्या गळक्या मायट्रल झडपेला क्लिप लावण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल आले. ३०४ रुग्णांच्या मित्रा-एफआरमध्ये काही फायदा दिसला नाही. ६१४ रुग्णांच्या कोअ‍ॅप्टमध्ये दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ वरून २९.१ टक्क्यांवर आले. अशा वेळी एक खरी आणि दुसरी खोटी असे समजण्याऐवजी रुग्णांच्या निवडीचे निकष शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. कोअ‍ॅप्टमध्ये झडपेची गळती अधिक आणि त्या मानाने हृदय कमी ताणलेले होते, शिवाय औषधे सोसवेल तितक्या कमाल मात्रेत दिली गेली आहेत याची खातरजमा करूनच रुग्ण घेतले होते. २०२४ मध्ये ५०५ रुग्णांच्या रीशेप-एचएफ२ ने क्लिपच्या बाजूने कौल दिला, तरी कोणत्या रुग्णाला, हा प्रश्न उरतोच.

याहून विलक्षण आहे टॉपकॅट. तिसऱ्या गटातल्या ३,४४५ रुग्णांवर स्पायरोनोलॅक्टोन तपासणारी ही चाचणी २०१४ साली मुख्य निकषावर अपयशी ठरली. परंतु आकडे प्रदेशवार मांडले, तेव्हा उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या प्लासिबो गटात ३१.८ टक्के रुग्णांना मुख्य निकषातली घटना गाठत होती, तर रशिया व जॉर्जियात केवळ ८.४ टक्क्यांना. इतक्या कमी घटना घडणाऱ्यांना खरोखर हार्ट फेल्युअर होते का, अशी शंका येणे साहजिक होते. पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांत कॅनरेनोन शोधले गेले, जे स्पायरोनोलॅक्टोन पोटात गेल्यावर शरीरात तयार होते. औषध घेत असल्याचे सांगणाऱ्या रशियातल्या ३० टक्के रुग्णांच्या रक्तात ते सापडलेच नाही. अमेरिका व कॅनडात हे प्रमाण ३ टक्के होते. यावरून अमेरिका खंडातल्या रुग्णांपुरते औषध सिद्ध झाले, असे काही जण म्हणू लागले. मला ते फार घाईचे वाटते, कारण निकाल पाहिल्यानंतर चाचणीचा सोयीचा तुकडा निवडणे ही वाईट सवय आहे, मग त्या वेळी कारण कितीही सबळ असो. यातून घेण्याजोगे एवढेच, की नकारात्मक निकालामागे कधी औषध असते आणि कधी न घेतलेल्या गोळ्या असतात.

जनुकोपचार आणि मूळपेशींच्या बातम्यांसाठी वेगळा नियम पाळावा: रुग्ण किती, ते आधी पाहावे. कॅल्शियमची ने-आण करणारे जनुक हृदयात पोहोचवण्याचा क्युपिड हा प्रयोग ३९ रुग्णांत आशादायक वाटला होता. २५० रुग्णांच्या पुढच्या चाचणीत फायदा उरला नाही. हृदयात मूळपेशी असल्याचा दावा करणाऱ्या एका प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने केली होती. पैसे घेऊन मूळपेशींचे इंजेक्शन देऊ पाहणाऱ्याच्या दारात जाण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

‘फायदा नाही’ असे निकालही वाचावेत

ते बातमीत क्वचित येतात, पण रोजच्या आयुष्याला अधिक भिडतात. २०२२ च्या रिव्हाइव्हडमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी आणि रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे असलेल्या ७०० रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंटही बसवले; मृत्यू किंवा भरती यांत फरक पडला नाही (३७.२ आणि ३८.० टक्के). छातीत तीव्र दुखण्याचा त्रास असलेले किंवा नुकताच झटका आलेले रुग्ण त्यात नव्हते, म्हणून तो निकाल त्यांना लावू नये.

मिठाबाबतची सोडियम-एचएफ ही ८०६ रुग्णांची चाचणी अशीच काळजीपूर्वक वाचावी लागते. दिवसाला १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा सल्ला दिलेल्या गटात वर्षभरात भरती किंवा मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. परंतु त्या गटाचे सोडियम प्रत्यक्षात १,६५८ पर्यंतच उतरले आणि दुसरा गट २,०७३ वर होता, म्हणजे तुलना चारशे मिलिग्रॅमच्या फरकाची होती आणि दोन्ही गट मुळातच बेताने मीठ खाणारे होते. ‘मीठ सोडण्याची गरज नाही’ असा मथळा या चाचणीतून निघत नाही. पाणी मोजून पिण्याबाबत २०२५ मध्ये आलेल्या नेदरलँड्समधल्या फ्रेश-अप चाचणीत दिवसाला दीड लिटरचे बंधन आणि मोकळीक यांत प्रकृतीच्या गुणांत निर्णायक फरक दिसला नाही, आणि बंधन असलेल्यांना तहानेचा त्रास अधिक झाला. ते सर्व ५०४ रुग्ण स्थिर होते. पाय सुजलेल्या किंवा रक्तातले सोडियम घसरलेल्या रुग्णाने त्यावरून तांब्या भरून घेऊ नये.

चाचणी संपल्यावर काय झाले

१९९९ च्या राल्स चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूचे प्रमाण ४६ वरून ३५ टक्क्यांवर आणले, तेही १,६६३ अत्यवस्थ रुग्णांत. डॉक्टरांनी ते उत्साहाने लिहायला सुरुवात केली. चाचणीत क्रिएटिनिन २.५ पेक्षा जास्त असलेले रुग्ण वगळले होते, मात्रा २५ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवली होती आणि पोटॅशियम वारंवार तपासले जात होते. बाहेर ही शिस्त टिकली नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, एनालाप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांत, पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. औषध तेच होते. त्यामुळे चाचणी वाचताना वगळण्याचे निकष आणि देखरेखीचे वेळापत्रक हे दोन रूक्ष परिच्छेद गाळू नयेत. रुग्णाचे वय, किडनीची स्थिती आणि रक्त तपासण्याची सोय त्यांच्याशी जुळते का, हे तिथेच कळते.

डॉक्टरांकडे जाताना

नवे औषध मागण्याआधी जुन्याची झडती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आकुंचन क्षीण झालेल्या गटासाठी चार प्रकारची औषधे आज पाया मानली जातात: सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन किंवा त्याऐवजी एनालाप्रिल अथवा लोसार्टनच्या जातीचे एक औषध, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल किंवा मेटोप्रोलोल सक्सिनेट यांपैकी एक बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. युरोपातल्या २०२१ च्या आणि अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहेत. अमेरिकेतल्या दीडशे दवाखान्यांच्या चॅम्प-एचएफ नोंदीत २०१८ साली असे आढळले, की यांपैकी पहिल्या तीन प्रकारांची औषधे एकाच वेळी अपेक्षित पूर्ण मात्रेत घेणारे पात्र रुग्ण जेमतेम एक टक्का होते. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफमध्ये कोणतेही नवे औषध नव्हते. भरती झालेल्या १,०७८ रुग्णांपैकी एका गटाला जुनीच औषधे घरी गेल्यापासून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेऊन वरचेवर तपासले, तेव्हा सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आली. आठ टक्क्यांचा हा फरक या लेखातल्या बहुतेक नव्या औषधांहून मोठा आहे.

म्हणून कागदावर प्रश्न लिहून न्यावेत, आणि ते असे असावेत: चारांपैकी आमच्या यादीत कोणते नाही आणि ते रक्तदाबामुळे, किडनीमुळे, पोटॅशियममुळे की केवळ राहून गेल्यामुळे नाही, जे आहे त्याची मात्रा वाढवता येईल का, पुढची पोटॅशियमची तपासणी कोणत्या तारखेला, फेरिटिन तपासून लोहाची कमतरता पाहिली आहे का. बातमीतल्या चाचणीचा गोषवारा सोबत न्यायचा असेल, तर त्यावर रुग्णाचा इजेक्शन फ्रॅक्शन आणि क्रिएटिनिन चाचणीच्या निकषांशेजारी लिहून न्यावे. डॉक्टरांना पाच मिनिटांत उत्तर देता येते.

स्वतःहून काही सुरू करू नये, बंद तर मुळीच करू नये. एनालाप्रिलवरून सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनवर जाताना मध्ये ३६ तास मोकळे सोडावे लागतात, नाहीतर चेहरा, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. घरात उरलेली एनालाप्रिलची पट्टी म्हणूनच त्याच दिवशी बाजूला काढावी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी, किंवा उलट्यांमुळे काही पोटात टिकत नसेल तर, डॉक्टरांना विचारून ते काही दिवस थांबवावे, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या न विचारता घेऊ नयेत. त्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. आणि तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, उशी वाढवल्याशिवाय झोप लागेना किंवा रात्री दम लागून जाग येऊ लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.